दहा रुपयांची जुडी

२०१४ च्या जूनमध्ये मुकुंदवाडीची एक आई दीड वर्षाच्या लेकीला घेऊन माझ्यासमोर बसली होती. लेकीचं वजन साडेसात किलो. मी छत्रपती संभाजीनगरमधल्या एका धर्मादाय रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे छापील कागद होता: रोज एक अंडं, दोन वाट्या दूध, घट्ट वरण, हिरवी पालेभाजी, एखादं फळ. तो मी समजावून सांगितला. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, कागदाची चौघडी केली आणि विचारलं, "ताई, हे समदं मिळून रोजचं कितीला पडतंय?"

मला सांगता आलं नाही. अंड्यात प्रथिनं किती, पालकात लोह किती, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. पण तिच्या वस्तीतल्या दुकानात ते सगळं मिळून किती रुपयांना येतं, हे मी कधी जोडून पाहिलेलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी शंभर पानी वही घेऊन औरंगपुऱ्याच्या भाजी मंडईत गेले. तेव्हापासून दर आठवड्याला भाव लिहिते आहे. आता चौदावी वही चालू आहे. चांगलं जेवण कुणाला परवडतं आणि कुणाला नाही, हे भावांवरून कसं ओळखायचं ते या वह्यांनी शिकवलं. बरंचसं चुका करतच शिकले, म्हणून इथे लिहून ठेवते.

१. जुडीचा भाव लिहू नका, वजन लिहा.

मेथीची जुडी दहाला. डिसेंबरात दहाला, मे महिन्यातही दहालाच. पहिली दोन वर्षं मी "मेथी – १०" एवढंच लिहीत गेले आणि वर्षाच्या शेवटी पानं चाळून खूश झाले की, पालेभाजीचा भाव काही हलला नाही. मग एका मे महिन्यात जुडी हातात घेतली तेव्हा ती मुठीत मावली. मी भाजीवाल्या मावशींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "भाव त्योच हाय ताई, जुडी बारीक झाली. पाणीच न्हाई तर पाला कुठून येणार?"

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा विकत घेतला. तो आजही माझ्या पिशवीत असतो. त्या मेमधली जुडी भरली १६० ग्रॅम. निवडून पाहिली तर हाती लागली ८० ग्रॅम. बाकी जून झालेल्या काड्या आणि माती. त्याच वर्षी डिसेंबरात दहाचीच जुडी ४३० ग्रॅम भरली आणि निवडल्यावर २४० ग्रॅम राहिली. हिशेब करा. हिवाळ्यात खाण्याजोगी मेथी किलोला साधारण ४२ रुपये पडली, उन्हाळ्यात १२५. भाव तिप्पट झाला होता आणि माझ्या वहीत दोन्ही वेळा तोच दहाचा आकडा असता.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ खाद्यपदार्थांची पोषणमूल्यांची कोष्टकं काढली. त्यातलं प्रत्येक मूल्य खाण्याजोग्या भागाचं आहे. मटारच्या टरफलाला, केळीच्या सालीला, फ्लॉवरच्या दांड्याला त्यात जागा नाही. आपण मात्र पैसे टरफलासकट मोजतो. पोषणाचा भाव काढायचा असेल तर निवडून, सोलून, मग वजन करून काढायला हवा. वाट्याने मिळणाऱ्या भाजीचंही तेच. दहाला वाटा म्हणजे नेमकं किती, हे ढिगाकडे बघून कळत नाही.

२. आपल्याला सांगितलेला भाव हा फक्त आपला भाव असतो.

वही-पेन घेऊन बाई उभी राहिली की, विक्रेता सावध होतो. काहींना वाटलं मी महापालिकेतून आले. शहागंजला एका चाचांनी विचारलं, "लिखके क्या करेंगे आपा?" मी खरं ते सांगितलं, तर त्यांनी मला दोन रुपये कमीच भाव सांगितला, प्रेमाने. वर्षभरात ओळखीचे झालेले सगळेच मला स्वस्त देत होते आणि मी तेच आकडे शहराचे म्हणून लिहीत होते.

आता मी विचारत नाही. काट्याजवळ उभी राहते आणि ओळीने तीन गिऱ्हाइकं प्रत्यक्षात किती पैसे देतात ते पाहते. तिन्हींतला मधला आकडा वहीत जातो. घासाघीस करणारी एखादी तरबेज आजी आणि न विचारता पैसे देणारा एखादा मुलगा, दोघंही त्यामुळे बाजूला पडतात.

३. जाधववाडीचा भाव आणि हुडको वसाहतीतल्या हातगाडीचा भाव यांच्यात अख्खं शहर असतं.

जाधववाडीच्या बाजार समितीत पहाटे हर्रासी, म्हणजे लिलाव, होते. तिथले भाव क्विंटलमागे निघतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर ते रोज बघायला मिळतात आणि घरबसल्या मिळतात म्हणून अभ्यासाला तेच वापरायचा मोह होतो. मीही सुरुवातीला वापरले. पण तिथे भाव पडला तरी गल्लीत तो लगेच पडत नाही, आणि चढला तर दुपारपर्यंत गल्लीत पोचलेला असतो. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की, आता ठोक भावावरून कुणाच्या ताटाबद्दल बोलत नाही.

वेळेचंही तसंच आहे. धुणीभांडी करणारी किंवा बांधकामावर जाणारी बाई सकाळी सातला घर सोडते आणि संध्याकाळी सातला परत येते. तिचा बाजार म्हणजे दिवसभर ऊन खाऊन मान टाकलेली पालक. स्वस्त असते, पण निम्मी फेकावी लागते. आठवडी बाजारात माल ताजा आणि स्वस्त असतो: गुरुवारी छावणी, शुक्रवारी चिकलठाणा, रविवारी जाफर गेट. पण गुरुवारी आणि शुक्रवारी तिला खाडा परवडत नाही, आणि जायचं म्हटलं तर रिक्षाचे पैसे वांग्याच्या भावात मिळवावे लागतात. मी आता भावाच्या बाजूला रिक्षाभाडंही लिहिते.

४. ज्या जिनसांवर नजर नाही, त्यांची महागाई कुणाला दिसत नाही.

केंद्र सरकारचं ग्राहक व्यवहार खातं देशभरातल्या साडेपाचशे केंद्रांतून रोजचे भाव गोळा करतं. ३१ जुलै २०२४ पर्यंत त्या यादीत २२ जिनसा होत्या: तांदूळ, गहू, पीठ, पाच डाळी, साखर, गूळ, तेलं, चहा, दूध, मीठ आणि बटाटा-कांदा-टोमॅटो. १ ऑगस्टपासून आणखी १६ जिनसा घेतल्या आणि यादी ३८ ची झाली. नव्याने आलेल्यांत ज्वारी, बाजरी, नाचणी, अंडी, वांगी आणि केळी आहेत.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या यादीकडे बघत बसले. मराठवाड्याच्या ताटात पिढ्यान्‌पिढ्या जी ज्वारी होती, तिचा रोजचा भाव त्या यादीत २०२४ पर्यंत नव्हता. माझ्या आजीच्या घरी गव्हाची पोळी सणालाच व्हायची, भाकरी रोजची. आज रेशनवर गहू-तांदूळ फुकट आहेत आणि दुकानातली चांगली ज्वारी गव्हाहून महाग. माझ्याकडे येणाऱ्या घरांतून भाकरी गेली ती अशी, कुणी ठरवून घालवली नाही. तिचा भाव रोज कुणी लिहीत असतं तर निदान ती जाताना दिसली असती.

यादी वाढली याचा मला मनापासून आनंद आहे. पण ३८ मध्येही पालेभाजी एकसुद्धा नाही, आणि फळ म्हणून एकटं केळं. माझ्या वहीत मेथी, शेपू, अंबाडी, चुका, तांदुळजा यांना पहिलं पान असतं. पावसाळ्यात बांधावरचा तरोटा आणि घोळ घेऊन बायका बसतात. त्याचाही भाव मी लिहिते, आणि नुसता खुडून आणला असेल तर "फुकट" असंही लिहिते.

५. भाव जिनसाचा असतो, पण भूक ताटाची असते.

माझ्या सगळ्या वह्यांचं सार या एका हिशेबात आहे, म्हणून तो सविस्तर मांडते.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात बैठं काम करणाऱ्या माणसासाठी २००० कॅलरींचं एका दिवसाचं ताट दिलं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. आता गोल भाव धरून चला. धान्य ३५ रुपये किलो, डाळ १२०, भाजी ५०, फळ ५०, दूध ६० रुपये लिटर, शेंगदाणे १३०, तेल १५०. कागदावर मांडून बेरीज करा. धान्याचे पावणेनऊ रुपये. डाळीचे दहा. भाजीचे वीस. फळाचे पाच. दुधाचे अठरा. शेंगदाण्यांचे साडेचार, तेलाचे चार. एका माणसाचं एका दिवसाचं ताट सत्तर रुपयांच्या जरा वर जातं, आणि त्यात मीठ-मिरची, गॅस धरलेला नाही.

या बेरजेकडे पुन्हा एकदा बघा. सत्तर रुपयांत धान्य पावणेनऊ रुपयांचं, म्हणजे आठवा हिस्सा. जानेवारी २०२३ पासून रेशनचं धान्य मोफत आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयला घरटी ३५ किलो. त्याने लाखो घरांत चूल पेटते आणि त्याला मी कधीही नाव ठेवणार नाही. पण ते धान्य ताटातला सगळ्यात स्वस्त भाग भरून काढतं. निम्म्याहून जास्त पैसे दूध आणि भाजीला लागतात, आणि तिथे घर एकटं पडतं.

मुकुंदवाडीची ती आई पुन्हा आली तेव्हा मी तिला असाच हिशेब करून दाखवला, अर्थात तेव्हाच्या भावाने. ती बोटांवर मोजत होती. तिच्या घरी पाच माणसं, आणि दूध यायचं पावशेर, तेही चहाला. "अंडं होईल ताई, लेकरापुरतं. डाळ वाढवीन. दुधाचं न्हाई जमणार," ती म्हणाली. दोन मिनिटांत तिने जो निर्णय घेतला तो माझ्या छापील कागदापेक्षा शहाणा होता, कारण तिच्यासमोर पहिल्यांदा किंमत होती.

पोट भरणं आणि पोषण होणं, या दोन गोष्टींची किंमत वेगळी असते ही जाण आपल्याकडे जुनी आहे. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्याचा अभ्यास मांडला. दिवसाला २२५० कॅलरी मिळवायला १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात, असं त्यांनी काढलं. भुकेची रेषा म्हणून तो हिशेब फार मोलाचा होता. पुढच्याच वर्षी मराठवाड्यात दुष्काळ पडला, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली आणि जगले. आजी सांगायची, मिलोने पोट भरायचं पण अंगाला लागायचं नाही. कॅलरी होत्या, ताट नव्हतं.

आता जगभर ताटाचा हिशेब करायची रीत पडली आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक बँक २३३० कॅलरींचं ताट धरतात. त्यात सहा गट: धान्य-कंद, डाळी-दाणे, दूध-अंडी-मांस, भाज्या, फळं आणि तेल-तूप. प्रत्येक देशात प्रत्येक गटातल्या सगळ्यात स्वस्त जिनसा उचलायच्या, एकूण अकरा, आणि त्यांची बेरीज करायची. मला ही रीत आवडते, कारण आपल्याकडची बाईही बाजारात तेच करते. तिला तीन भाज्या हव्या असतात, अमुकच तीन नको असतात.

६. मजुरीशिवाय भाव अर्धा.

एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. सत्तर रुपयांची चार ताटं म्हणजे २८० रुपये. उरले बत्तीस, त्यात घरभाडं, औषध, शाळा, लाईटचं बिल. आणि ते ताट बैठ्या माणसाचं. डोक्यावर पाट्या वाहणाऱ्याला त्याहून जास्त लागतं. शिवाय काम रोज नसतं.

कल्याणी रघुनाथन, डेरेक हेडी आणि अ‍ॅना हेरफोर्थ या संशोधकांनी २००१ ते २०११ या काळातले ग्रामीण भारतातले भाव आणि मजुरी शेजारीशेजारी ठेवून पाहिले. ताट महागलं होतं, पण मजुरी त्याहून वेगाने वाढली होती, म्हणजे ताट आधीपेक्षा आवाक्यात आलं होतं. तरीही २०११ साली ते पुरुषाच्या दिवसाच्या मजुरीतले ५० ते ६० टक्के खायचं आणि बाईच्या मजुरीतले ७० ते ८० टक्के. बाजारात बाईला वेगळा भाव नसतो. मजुरी मात्र वेगळी असते. हा अभ्यास वाचल्यापासून वहीत मी दोन रकाने वाढवले: त्या आठवड्यात मजूर अड्ड्यावर पुरुषाला किती मिळाले आणि बाईला किती.

७. टोमॅटोची बातमी होते, दुधाची होत नाही.

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटोने शंभरी कधीच ओलांडली होती. रोज बातम्या, रोज चर्चा. मी वही उघडून ताटाची बेरीज केली तर ती फारशी हललेली नव्हती. कारण घराघरातून टोमॅटो गायब झाला होता आणि आमटीत चिंच आली होती. भाजीच्या गटात दुधी, भोपळा, गवार होतीच. सप्टेंबरात टोमॅटो असा कोसळला की, शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला.

दूध, डाळ आणि तेल यांची चाल वेगळी असते. दुधाचा भाव दोन-दोन रुपयांनी वर सरकतो, बातमी होत नाही, आणि एकदा चढला की सहसा मागे येत नाही. डाळीला पर्याय डाळच. तूर महागली की मसूर घ्यायची, मसूरही चढली की वरण पातळ करायचं. ते पातळ वरण कुठल्याही महागाईच्या आकड्यात येत नाही. कुणाच्या घरी गेल्यावर मी आता वाटीत चमचा उभा राहतो का ते बघते.

८. पाच रुपयांच्या पुड्याशी केळ्याची स्पर्धा आहे.

"बिस्कीट कामून देता?" असं मी आधी थोडं रागावूनच विचारायचे. त्याबद्दल आज वाईट वाटतं. बिस्किटाचा पुडा पाच रुपयांना, सकाळी सहाला, घराजवळच्या टपरीवर, वर्षाचे बाराही महिने मिळतो. लेकरू तो स्वतःच्या हाताने खातं, तेवढ्यात आईचा डबा होतो. केळी डझनाने घ्यायची. गाडीवाला एकटं केळं द्यायला कुरकुरतो, आणि उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी ती काळी पडतात. हिशेबाने केळं पुड्याएवढ्याच पैशात येतं. पण बारा केळ्यांचे पैसे एकदम काढावे लागतात, पुड्याचे पाचच.

म्हणून किलोच्या भावासोबत मी आणखी एक आकडा लिहिते: कमीत कमी किती पैसे टाकले तर ही वस्तू मिळते. तेलाची बरणी, सुटं तेल आणि छोटी पुडी, तिन्हींचा लिटरमागे भाव काढला की दिसतं, सगळ्यात कमी पैसे असलेली बाई सगळ्यात महाग तेल घेते. आणि पुड्याचंही जुडीसारखंच आहे: किंमत तीच राहते, मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं वजन घटत जातं. २०२३-२४ च्या राष्ट्रीय उपभोग खर्च पाहणीत अन्नावरच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा पेयं आणि तयार खाद्यपदार्थांचा निघाला, खेड्यात आणि शहरातही. मला ते वाचून आश्चर्य वाटलं नाही.

९. उधारीच्या दुकानाचा भाव वेगळा.

वाळूजला, बजाजनगरच्या मागच्या वस्त्यांत, कंत्राटी कामगारांचं किराणा दुकानात खातं असतं. पगार झाला की मिटवायचं. त्या दुकानात डाळ आठ-दहा रुपयांनी महाग मिळते, पण महिन्याच्या विसाव्या दिवशी मिळते. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याचेही पैसे अडकलेले असतात. रोखीच्या दुकानातला भाव लिहून या घरांचं ताट काढलं तर ते खोटं निघतं.

१०. मिळालं नाही तर शून्य लिहू नका.

१० ते १८ जुलै २०२० या काळात शहरात कडक टाळेबंदी होती. त्या नऊ दिवसांच्या पानांवर मी रेघ मारून "बाजार नाही" लिहिलं. नंतर माझ्यासोबत काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने संगणकात नोंदी भरताना तिथे शून्य टाकले आणि जुलैची सरासरी काढली. त्या महिन्यात भाज्या स्वस्त झाल्याचं दिसलं. मिळत नाही ही सगळ्यात मोठी महागाई असते.

११. आकडा एकदम बदलला की आधी पद्धत विचारा.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या अहवालात होतं की, २०२१ साली भारतातल्या ७४ टक्के लोकांना सकस आहार परवडत नव्हता. पुढच्या वर्षीच्या अहवालात २०२२ साठीचा आकडा साधारण ५६ टक्के आला. एका व्याख्यानात मला कुणीतरी विचारलं, एका वर्षात एवढी माणसं सुखी झाली का? मधे हिशेबाची पद्धत सुधारली होती, म्हणून आकडा खाली आला. दोन्ही वर्षांत माझ्या बाकावर बसणाऱ्या आया त्याच होत्या. देशाचा आकडा देशासाठी असतो. मुकुंदवाडीसाठी मुकुंदवाडीतच वही न्यावी लागते.

१२. भाव पडला म्हणून मी हसत नाही.

माझा भाऊ फुलंब्रीला शेती करतो. अद्रक आणि भाजीपाला. एकदा मी फोनवर उत्साहाने सांगितलं की, या आठवड्यात कोबी पाच रुपयांवर आली, ताट फार स्वस्त पडतंय. तो काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, काल पंचवीस गोण्या जाधववाडीला नेल्या. गाडीभाडं खिशातून दिलं." त्या दिवशी वहीत मी पहिल्यांदा हर्रासीचा भाव आणि गल्लीतला भाव एकाच ओळीत लिहिला. त्यातला फरक वाचायला शिकायला मला खूप वेळ लागला. गल्लीत कोबी पंधराला आणि बांधावर दोनला, असं असेल तर कोबी स्वस्त झालेली नसते. एका घराच्या ताटातलं दुसऱ्या कुणाच्या तरी ताटात गेलेलं असतं. भावाचं घर आणि मुकुंदवाडीचं घर ही दोन्ही माझीच माणसं आहेत. ताट परवडायला हवं ते मजुरी वाढून, दूध-डाळ-अंडी रेशनसारखी हाताशी येऊन. शेतकऱ्याच्या गोणीतून काढून नको.

१३. कुणीतरी लिहिलेल्या भावावर लेकरांच्या वाटीतलं वरण ठरतं.

शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल द्यायचं असतं. धान्य वेगळं येतं. त्या साहित्याचा दर १ मे २०२५ पासून ६ रुपये १९ पैशांवरून ६ रुपये ७८ पैसे झाला. ही वाढ कशावर ठरली? केंद्राच्या श्रम ब्युरोने २० राज्यांतल्या ६०० गावांतून गोळा केलेल्या भावांवर. मघाचेच गोल भाव धरा: डाळीचे २ रुपये ४० पैसे, भाजीचे अडीच, तेलाचे पाऊण. झाले ५ रुपये ६५ पैसे. मसाला आणि इंधनाला उरतो सव्वा रुपयाहूनही कमी. भाजी ५० वरून ८० वर गेली की तेवढंही उरत नाही, आणि स्वयंपाक करणाऱ्या ताई वरणात पाणी वाढवतात. त्यांच्याकडे दुसरा उपाय नसतो. अंगणवाडीतल्या लेकरासाठी दिवसाला ८ रुपयांचा दर २०१७ साली ठरला आणि वर्षानुवर्षं तोच राहिला. त्या काळात माझ्या सात-आठ वह्या भरल्या.

अशा गावांत कुठेतरी एक माणूस असतो, जो दुकानासमोर उभा राहून तुरीचा भाव लिहितो. उन्हाचा कंटाळा करून त्याने मागच्याच महिन्याचा आकडा उतरवला तर त्याची किंमत कुठलंतरी लेकरू देतं. मला त्या अनोळखी माणसाबद्दल फार आपुलकी वाटते.

१४. किंमत कागदावर पेन्सिलीने लिहा.

माझ्या आहाराच्या कागदावर आता तीन रकाने आहेत: काय खायचं, किती खायचं, आणि आज कितीला पडेल. तिसरा रकाना मी दर सोमवारी पेन्सिलीने भरते, कारण पुढच्या सोमवारी तो खोडावा लागतो. आई समोर बसली की आम्ही दोघी मिळून वरून खाली येतो आणि जिथे तिचे पैसे संपतात तिथे थांबतो. मग खालच्या जिनसांतली कुठली वर घ्यायची ते ती ठरवते. बहुतेकदा अंडं वर येतं. मागच्या महिन्यात एकीने शेंगदाणे वर घेतले, गुळासोबत. अंडं घरात चालत नव्हतं.

या शुक्रवारी चिकलठाण्याच्या बाजारात शेपूची जुडी दहाला होती. वजन २१० ग्रॅम. निवडून १२५.